तराजूची साक्ष

सायंकाळी देवापुढे लावलेली समई तुम्ही पाहिली असेल. तेलात भिजलेली वात शांतपणे जळत असते. तास-दोन तासांनी पाहावे, तर तेलाची पातळी खाली गेलेली दिसते. आणि रात्री केव्हातरी तेल संपते व समई विझते. ते तेल गेले कोठे? चुलीत घातलेल्या लाकडांचेही तसेच. मोळीभर लाकडे जाळावी आणि सकाळी ओंजळभर राख हाती यावी! मग बाकीचे लाकूड गेले कोठे? कोणालाही विचारा, "जळून गेले" असे उत्तर मिळेल. परंतु हे उत्तर नव्हे. आपल्या प्रश्नाचेच ते दुसरे रूप होय. जळणे म्हणजे काय, हेच तर आपणांस विचारावयाचे आहे.

माणसाने अग्नी वापरण्यास सुरुवात केली, त्याला लक्षावधी वर्षे झाली. त्याने अन्न शिजविले, मडकी भाजली, दगडांतून धातू काढले. परंतु अग्नी वापरता येणे निराळे आणि अग्नी समजणे निराळे. जळताना नेमके काय घडते हे माणसाला कळले, त्यास अवघी सुमारे अडीचशे वर्षे झाली आहेत. ते कसे कळले, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. विज्ञानात सत्य कोणत्या मार्गाने शोधतात, हे त्या हकीकतीतून स्पष्ट दिसते. या मार्गालाच वैज्ञानिक पद्धती असे म्हणतात.

या मार्गावरचे पहिले पाऊल म्हणजे निरीक्षण. नुसते पाहणे म्हणजे निरीक्षण नव्हे. लक्षपूर्वक, क्रमाने आणि मनात प्रश्न धरून पाहणे, व जे दिसले ते जसेच्या तसे नोंदवून ठेवणे, याचे नाव निरीक्षण. घरातील एखाद्या मोठ्या माणसाला जवळ बसवून एक मेणबत्ती पेटवा आणि तिच्यावर काचेची कोरडी, थंड बरणी पालथी घाला. ज्योत हळूहळू लहान होते व थोड्या वेळाने विझते. एवढे तर सर्वांनाच दिसेल. परंतु जो बारकाईने पाहील, त्याला आणखी एक गोष्ट दिसेल : बरणी आतून किंचित धुरकट होते, तिच्यावर दमटपणा येतो. पाण्याचा थेंबही नसलेल्या बरणीत हा ओलावा आला कोठून? हा प्रश्न लक्षात असू द्या. आपण शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

निरीक्षणातून प्रश्न उत्पन्न होतो आणि प्रश्नाला मन काहीतरी उत्तर सुचविते. अद्याप पारखून न घेतलेल्या अशा संभाव्य उत्तराला गृहीतक म्हणतात. जळण्याविषयी असेच एक गृहीतक युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभी फार मान्यता पावले. गेओर्क श्टाल नावाच्या जर्मन वैद्याने ते पुढे मांडले होते. तो म्हणे, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात 'फ्लॉजिस्टन' नावाचे एक तत्त्व असते. पदार्थ जळतो तेव्हा ते तत्त्व त्यातून निघून जाते आणि उरते ती राख. कोळसा जळल्यावर फारच थोडी राख उरते. म्हणजे कोळसा जवळजवळ सर्वच फ्लॉजिस्टनचा बनलेला असला पाहिजे. बंद बरणीत ज्योत विझते. कारण बरणीतील हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते आणि तिच्यात अधिक फ्लॉजिस्टन मावत नाही.

आज हे गृहीतक चूक ठरले आहे, म्हणून त्याला हसू नये. पुष्कळ गोष्टींचा उलगडा त्याने होत असे. धातू हवेत खूप तापविला की त्याचे भस्म होते, आणि ते भस्म कोळशाबरोबर तापविले तर कित्येक वेळा पुन्हा चकचकीत धातू मिळतो. श्टालचे अनुयायी म्हणत, "पाहा, धातूतून गेलेले फ्लॉजिस्टन कोळशाने त्याला परत दिले!" किती सोपे व सुबक स्पष्टीकरण! परंतु स्पष्टीकरण सुबक असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही.

या सुबक स्पष्टीकरणात एक अडचण होती, आणि ती तराजूने दाखवून दिली होती. धातूचे भस्म मूळ धातूपेक्षा वजनाने जास्त भरते! धातूतून जर काही निघून गेले असेल, तर वजन कमी व्हावयास हवे. ते वाढते कसे? काहींनी या अडचणीकडे दुर्लक्ष केले. काहींनी तर असेही सुचविले की, फ्लॉजिस्टनला वजन नसून उलट हलकेपणा असतो, म्हणून ते निघून गेले की पदार्थ जड होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. निरीक्षण आणि गृहीतक यांचे जुळेनासे झाले, म्हणजे विचार करावयाचा तो गृहीतकाचा. आपल्या आवडत्या कल्पनेला ठिगळे लावीत बसणे हा सत्याचा मार्ग नव्हे.

ही अडचण ज्याने गंभीरपणे मनावर घेतली, तो आंत्वान लाव्हाझ्ये 1743 साली पॅरिस येथे जन्मला. सरकारचे कर वसूल करणाऱ्या एका खासगी मंडळीत तो भागीदार होता. त्या उत्पन्नातून त्याने आपली सुसज्ज प्रयोगशाळा उभारली आणि अतिशय नाजूक व अचूक तराजू करवून घेतले. त्याची पत्नी मारी त्याच्या कार्यात सहभागी असे. तिने प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या, उपकरणांची रेखाटने केली, आणि इंग्रजी ग्रंथ पतीला कळावेत म्हणून त्यांची भाषांतरे केली.

लाव्हाझ्येची विचार करण्याची रीत कशी होती, हे त्याच्या एका आरंभीच्या प्रयोगावरून दिसते. पाणी पुष्कळ दिवस उकळत ठेवले तर काचेच्या भांड्याच्या तळाशी थोडा मातकट साका जमतो. त्यावरून अनेक विद्वान म्हणत की, पाण्याची माती होते. 1768 साली लाव्हाझ्येने काचेचे एक भांडे घेतले. त्यातील वाफ थंड होऊन पुन्हा त्याच भांड्यात परतत असे, बाहेर जात नसे. प्रथम त्याने रिकामे भांडे तोलले, मग पाणी तोलले आणि भांडे पक्के बंद करून 101 दिवस तापवीत ठेवले. अखेरीस साका दिसू लागला. बंद भांडे पाण्यासकट तोलले, तो वजनात फरक नाही. नंतर त्याने भांडे रिकामे केले, कोरडे केले आणि पुन्हा तोलले. भांड्याचे वजन घटले होते. आणि जेवढे घटले होते, जवळजवळ तेवढेच वजन त्या साक्याचे भरले. पाण्याची माती झालेली नव्हती. काचच किंचित झिजून पाण्यात उतरली होती. शेकडो वर्षांच्या एका समजुतीचा निकाल एका तराजूने लावला!

यालाच मापन म्हणतात. 'थोडे', 'पुष्कळ', 'जड', 'हलके' हे शब्द बोलण्यास पुरेसे असतात, परंतु शोध घेण्यास अपुरे पडतात. तुमचे 'थोडे' आणि माझे 'थोडे' यांत अंतर असू शकते. पाच ग्रॅम मात्र दोघांसाठीही पाच ग्रॅमच असतात. म्हणून रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रत्येक वेळी विचारतो : किती?

हाच प्रश्न घेऊन लाव्हाझ्ये ज्वलनाकडे वळला. 1772 साली त्याने फॉस्फरस व गंधक जाळून पाहिले. जळल्यानंतर जे निर्माण झाले, ते त्याने वाया न जाऊ देता जमविले, तोलले, आणि ते मूळ पदार्थाहून जड असल्याचे त्याला आढळले. त्याच्या मनात एक नवे गृहीतक आले : जळताना पदार्थातून काही जात नसावे, उलट हवेतून काहीतरी पदार्थात येत असावे.

आता गृहीतकाची परीक्षा घ्यावयाची ती प्रयोगाने. प्रयोग म्हणजे निसर्गाला मुद्दाम विचारलेला प्रश्न. तो अशा रीतीने विचारावा की, उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे स्पष्ट मिळावे. त्याकरिता गृहीतकावरून आधीच भाकीत करावे लागते : 'माझी कल्पना खरी असेल, तर अमुक घडेल, आणि खोटी असेल, तर घडणार नाही.' रॉबर्ट बॉईल या थोर इंग्रज शास्त्रज्ञाने पूर्वी बंद काचपात्रात धातू तापविला होता. तापविल्यानंतर वजन वाढल्याचे त्यालाही आढळले होते. परंतु त्याने पात्र आधी उघडले आणि नंतर तोलले. त्यामुळे अग्नीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरून धातूला चिकटले असावेत, असा त्याचा तर्क झाला.

1774 साली लाव्हाझ्येने हाच प्रयोग कथिलावर केला, पण पात्र उघडण्यापूर्वीच तोलले. अग्नीचे कण बाहेरून आत शिरले असतील, तर बंद पात्राचे वजन वाढलेले असावयास हवे. ते मुळीच वाढले नव्हते. मग त्याने पात्र उघडले. त्याबरोबर बाहेरची हवा सूं असा आवाज करीत आत शिरली, आणि आता मात्र वजन वाढले. जेवढी हवा आत शिरली तेवढेच कथिलाचे वजन वाढले होते. आतील हवेचा काही भाग कथिलाने घेतला होता आणि त्याची रिकामी जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती. तोलणे आधी की उघडणे आधी, एवढ्याशा फरकाने केवढा भेद झाला पाहा!

परंतु हवेचा हा भाग कोणता? या वेळी साहाय्य मिळाले ते एका प्रतिपक्षीयाचे. जोसेफ प्रीस्टली हा इंग्रज धर्मोपदेशक फ्लॉजिस्टनचा कट्टर पुरस्कर्ता होता. 1 ऑगस्ट 1774 रोजी त्याने एका मोठ्या बहिर्गोल भिंगाने सूर्याचे किरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले, आणि त्यातून एक वायू मिळविला. त्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. त्याच वर्षी तो पॅरिसला गेला असता त्याने ही हकीकत लाव्हाझ्येला मोकळेपणाने सांगितली. स्वीडनमधील शेले याला हा वायू याहीपूर्वी मिळाला होता, परंतु त्याचा वृत्तान्त 1777 साली प्रसिद्ध झाला. मिळालेले ज्ञान प्रसिद्ध करणे, म्हणजे इतरांना ते तपासून पाहता यावे अशी सोय करणे, हेही वैज्ञानिक पद्धतीचे एक अंग आहे.

लाव्हाझ्येने आता आपला प्रसिद्ध प्रयोग केला. त्याने 4 औंस पारा घेतला. पाऱ्याच्या सान्निध्यात 50 घनइंच हवा राहील अशी व्यवस्था केली आणि तो 12 दिवस सतत तापविला. पाऱ्यावर तांबडे भस्म जमू लागले. हवा कमी होत होत 42 ते 43 घनइंच उरली. त्या उरलेल्या हवेत ज्योत तत्काळ विझे. मग त्याने ते 45 ग्रेन तांबडे भस्म वेगळे करून अधिक तापविले. त्यातून साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला, आणि 7 ते 8 घनइंच वायू निघाला. हा तोच वायू, ज्यात ज्योत तेजाने जळते. गेलेली हवा आणि परत मिळालेला वायू यांचा हिशेब जुळला! शेवटी त्याने हा वायू आधीच्या उरलेल्या हवेत मिसळला. तेव्हा आपल्या नेहमीच्या हवेसारखी हवा तयार झाली. (पाऱ्याची वाफ अत्यंत विषारी असते. हा प्रयोग तुम्ही कधीही करू नये.)

या वायूला लाव्हाझ्येने ऑक्सिजन हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. अनेक निरीक्षणे व प्रयोग यांवरून जे अखेर ठरते, त्याला निष्कर्ष म्हणतात. येथे निष्कर्ष असा निघाला की, हवेत पदार्थ जळतो म्हणजे त्याचा प्राणवायूशी संयोग होतो. फ्लॉजिस्टनची गरजच उरली नाही.

आणखी दोन शब्द येथे नीट समजून घेतले पाहिजेत. निसर्गात एखादी गोष्ट नेहमी एकाच रीतीने घडते असे वारंवार आढळले, म्हणजे ते सांगणाऱ्या विधानास नियम म्हणतात. रासायनिक क्रियेत द्रव्य नव्याने उत्पन्न होत नाही व नष्टही होत नाही, हे लाव्हाझ्येने 1789 साली आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडले. हाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम. नियम काय घडते ते सांगतो. ते तसे का घडते, हे सांगणाऱ्या व पुराव्याने भक्कम झालेल्या विचाराला उपपत्ती किंवा सिद्धांत म्हणतात. बोलताना आपण कोणत्याही तर्काला 'माझा सिद्धांत' म्हणतो. विज्ञानात मात्र गृहीतकाला सिद्धांताच्या पदवीस पोहोचण्यापूर्वी अनेक परीक्षा द्याव्या लागतात.

अशी एक परीक्षा तुम्हीही शाळेत गुरुजींच्या देखरेखीखाली घेऊ शकाल. लोखंड गंजते ते पाण्याने, की हवेने? तीन परीक्षानळ्या घ्या आणि प्रत्येकीत एकसारखा स्वच्छ खिळा टाका. पहिलीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी घाला. दुसरीत उकळून थंड केलेले पाणी खिळा पूर्ण बुडेल इतके घाला व वर तेलाचा थर द्या. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि तेलामुळे नवी हवा आत शिरत नाही. तिसरीत ओलावा शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवून बूच बसवा. म्हणजे तेथे हवा राहील, परंतु ओलावा राहणार नाही. काही दिवसांनी पाहिले, तर पहिला खिळा गंजलेला आढळेल व बाकीचे दोन जवळजवळ जसेच्या तसे असतील. निष्कर्ष तुमचा तुम्हीच काढा. खिळे एकसारखे घेतले, तिन्ही नळ्या एकाच जागी ठेवल्या, दिवसही तेवढेच दिले; फरक केला तो फक्त हवा व पाणी यांच्यात. इतर सर्व गोष्टी सारख्या ठेवून, जिचा परिणाम पाहावयाचा तीच गोष्ट बदलणे, याला नियंत्रित प्रयोग म्हणतात. एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, तर परिणाम कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही.

आपल्या हकीकतीचा शेवट मात्र थोडा उदास करणारा आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. करवसुली करणाऱ्या मंडळीवर लोकांचा मोठा रोष होता. 8 मे 1794 रोजी तिच्या इतर भागीदारांबरोबर लाव्हाझ्येचाही शिरच्छेद करण्यात आला. इकडे प्रीस्टलीच्या राजकीय व धार्मिक मतांमुळे खवळलेल्या जमावाने 1791 साली त्याचे घर व प्रयोगशाळा जाळली. 1794 साली तो अमेरिकेस गेला आणि 1804 साली तेथेच वारला. ज्या वायूने फ्लॉजिस्टनचा अंत केला तो त्याने आपल्या हातांनी मिळविला होता; तरी मृत्यूपर्यंत तो फ्लॉजिस्टनलाच चिकटून राहिला. तो बुद्धिमान होता, प्रामाणिक होता, कुशल प्रयोगकर्ताही होता. आपली आवडती कल्पना सोडणे मात्र त्याला साधले नाही.

आणि लाव्हाझ्ये तरी चुकला नाही काय? सर्व आम्लांत प्राणवायू असलाच पाहिजे, असे त्याचे मत होते; ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी 'आम्ल उत्पन्न करणारा' असा आहे. 1810 साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की, क्लोरीन हे मूलद्रव्य असून हायड्रोक्लोरिक आम्लात प्राणवायू मुळीच नसतो. लाव्हाझ्येने घालून दिलेल्या मार्गानेच लाव्हाझ्येची चूक सुधारली गेली. नाव तेवढे चुकीचे राहून गेले! विज्ञानाचे सामर्थ्य येथेच आहे. तेथे कोणाचा शब्द अखेरचा नसतो, मग तो कितीही मोठा असो. अखेरचा शब्द पुराव्याचा. आणि नवा पुरावा आला, तर त्यालाही ऐकून घ्यावयाचे असते.

आता समईकडे परत येऊ. तेल नाहीसे झाले नाही. त्यातील कार्बन व हायड्रोजन यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला, आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वायू व पाण्याची वाफ तयार झाली. मेणबत्तीवरच्या त्या कोरड्या बरणीत दिसलेला ओलावा म्हणजे हीच वाफ. चुलीतल्या लाकडाचा पुष्कळसा भागही असाच वायुरूपाने धुराड्यातून बाहेर गेला. तो सारा पकडून, त्यात राख मिळवून तोलता आला, तर तो लाकडाहून हलका नव्हे, जडच भरेल. कारण त्यात प्राणवायूचे वजन मिळालेले असेल.

मुलांनो, तुमच्यापैकी सारेच रसायनशास्त्रज्ञ होतील असे नाही. परंतु शेतात, बाजारात, घरात, सभेत, कोठेही असा, निरनिराळी विधाने तुमच्या कानांवर पडतच राहतील. या औषधाने हमखास गुण येतो, त्या खताने पीक दुप्पट होते, अमक्या वाराला काम केले तर यश येत नाही. अशा वेळी रागावू नका आणि लगेच मानही डोलवू नका. नम्रपणे विचारा, "हे कशावरून?" आणि शक्य असेल तेव्हा स्वतः तोलून पाहा. परंतु एक लक्षात ठेवा. तराजू दुसऱ्याच्या कल्पनेला जसा लावावयाचा, तसाच तो प्रथम आपल्या कल्पनेला लावावयाचा. हे काम तराजू हातात धरण्याहून कठीण आहे.